डब्यात काय वाजतं?

संध्याकाळी साडेसातला मी घरात पाय टाकते तेव्हा धाकटा दारातच असतो. चौथीत आहे. वाट माझीच पाहत असतो, हे मला माहीत आहे. पण तोंडातून निघतं ते, "आई, काय आणलं?" आणि नजर माझ्या चेहऱ्याकडे नसते, खांद्यावरच्या पर्सकडे असते. मग मी बाहेरच्या कप्प्यातून दहा रुपयांचा पुडा काढते आणि त्याच्या हातावर ठेवते. तो टीव्हीसमोर जातो, मी चपला काढते. दोघांचंही भागलं.

तुमच्याकडे असं होत नसेल तर तुमचं खरंच कौतुक आहे. पण बहुतेक होत असेल.

माझं रोजचं अपडाउन आहे. घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, मूर्तिजापूर गेलं की डुलकी, अकोल्याला जाग. परतताना तेच उलटं. आमच्या डब्यात अशा अपडाउनवाल्या बायांची एक पलटणच आहे. कोणी मेथी निवडतं, कोणी लसूण सोलतं, कोणी मोबाइलवर पोराचा गृहपाठ घेतं. एकदा बोलता बोलता विषय निघाला, तर सगळ्यांच्याच पर्समध्ये पुडा निघाला. कोणाकडे पोंगे, कोणाकडे वेफर्स, कोणाकडे क्रीमचं बिस्कीट. आम्ही हसलो. मग एक जण म्हणाली, "अवो, दंड आहे हा. उशिरा येण्याचा दंड. टीसीले भरतो तसा पोट्ट्याले भरतो."

त्यानंतर कोणी फारसं हसलं नाही.

या दंडाची दुसरी बाजू मला नागपूरच्या एका दवाखान्यात दिसली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. धाकट्याला घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तोही आमच्यासोबत. तिथल्या व्हरांड्यात एक व्हेंडिंग मशीन होतं. काचेचं कपाट, आत वेटोळ्या स्प्रिंगा, स्प्रिंगांत पुडे, प्रत्येकाखाली आकडा. त्यानं असं यंत्र पहिल्यांदाच पाहिलं होतं. अर्धा तास नुसता काचेला नाक लावून उभा. शेवटी मी नोट आत सरकवली, त्यानं आकडा दाबला, स्प्रिंग फिरली, पुडा पुढं आला आणि काठावर येऊन अडकला. ना आत, ना बाहेर.

मी काचेवर थाप मारली. दुसरी मारली. रखवालदार म्हणाला, "मॅडम, तक्रारीचा नंबर लिहेल आहे तिथं." नंबर लावला, तो बंद. नोट गेली ती गेली.

पुढचे तीन दिवस या पोरानं मला भंडावून सोडलं. आबांचं ऑपरेशन झालं, आयसीयूत होते, आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलेलो, आणि हा दर तासाला जाऊन बघून यायचा. "आई, अजून तिथंच लटकलंय." "आई, पडेल ना ते?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर अशी काही ओरडले की बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. "तुला खाण्याचंच पडलंय का रे? आबा आत आहेत!"

आबा बरे झाले, घरी आले. आणि मला हळूहळू जाणवलं की त्या पुड्याचं नाव त्यानं परत काढलंच नाही. एकदाही नाही. तसाच पुडा आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेला असतो, त्याकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता. तीन दिवस तो नेमकं काय पाहायला जात होता, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. त्या ओरडण्याचं आजही वाईट वाटतं.

महिन्याभरानं तपासणीला गेलो तर यंत्रच जागेवर नव्हतं. फरशीवर बोल्टची चार भोकं आणि भिंतीवर एक उजळ चौकोन, कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा. काउंटरवर विचारलं तर म्हणे, चालत नव्हतं, नेलं कंपनीनं. लोक आता बाहेरूनच मागवतात.

घरी येऊन मी हे माझ्या दिराला सांगितलं. तो पुण्यात हिंजवडीला नोकरीला. त्याच्या ऑफिसातही असंच एक होतं म्हणाला. २०२० च्या मार्चात ऑफिस बंद झालं, आतला माल आतच मुदत संपून गेला. आता लोक आठवड्यातले अर्धे दिवस घरूनच काम करतात, आणि ऑफिसात असले तरी भूक लागली की मोबाइल काढतात. दहा-पंधरा मिनिटांत पोरगं गेटवर पिशवी घेऊन हजर. कपाटापर्यंत चालत जायची तसदी कोण घेतो?

जपान तर या यंत्रांचं माहेरघर. तिथं २००० साली अशी यंत्रं ५६ लाखांच्या घरात होती, आता ती ४० लाखांच्याही खाली आली आहेत. सुपरबाजारात तीच बाटली स्वस्त मिळते, आणि यंत्रांत माल भरत फिरायला माणसं मिळत नाहीत. फ्रान्सनं शाळांमधली यंत्रं २००५ च्या सप्टेंबरपासून कायद्यानंच काढायला लावली. अमेरिकेत २०१४ पासून शाळेतल्या यंत्रांत काय ठेवायचं यावर मीठ-साखरेचे नियम आले.

गंमत म्हणजे नाणं टाकून वस्तू मिळणारं जे सर्वांत जुनं यंत्र माहीत आहे, ते खाऊचं नव्हतंच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं त्याचं वर्णन करून ठेवलंय. देवळात नाणं टाकलं की तीर्थ पडायचं!

आपल्या अमरावती-अकोल्यात हे काचेचं कपाट तसं आलंच नाही म्हणा ना. आपल्याला आठवतं ते रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र, लाल-पिवळे दिवे लागून तिकीट बाहेर येणारं. शिवाय नोट न घेणाऱ्या यंत्राला लागतं नाणं, आणि आपल्याकडे दहाच्या नाण्याची काय दशा होती ते तुम्हीही पाहिलंय. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगून टाकलं की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात. तरी आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार नाणं पाहिलं की तोंड वाकडं करायचा, "ताई, नोट नाही का?" आता तर नोटही नको, स्कॅनर आहे. धाकटा माझा मोबाइल घेऊन जातो, स्कॅन करतो, पासवर्ड त्याला पाठ. केव्हा पाठ झाला, मला पत्ता नाही.

पण यंत्र आलं नाही म्हणून आपण सुटलो असं कुठं आहे? आमच्या लहानपणी अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या दुकानदाराकडे काचेच्या बरण्या असायच्या. लेमनच्या गोळ्या, बोरकूट, राजगिऱ्याचे लाडू, गुळाची चिक्की. त्यांची झाकणं तो स्वतः उघडायचा, आणि त्याच्या लहरीवर एखादी गोळी जास्त पडायची. कोणाचं पोट्टं आहे ते त्याला ठाऊक असायचं. "काल खोकत होती ना तू? आज बोरकूट नाई." आता बरण्या गेल्या आणि पुड्यांच्या लडी आल्या. नऊ वर्षांच्या पोराच्या बरोब्बर डोळ्यांसमोर लोंबतील अशा. लडीतून पुडा फाडताना कोणाला काही विचारावं लागत नाही.

शाळेच्या फाटकावरही तेच. आमच्या वेळी एक म्हातारी टोपलीत बोरं, चिंचा, कवठं, हिवाळ्यात हरभऱ्याचे घाटे घेऊन बसायची. आता ती नाही, कारण तिच्याकडून कोणी घेईना. सरकारनं नियम मात्र बरेच केले. महाराष्ट्रात मे २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमधून वेफर्स, नूडल्स, थंड पेयं असल्या गोष्टी बंद करायचा आदेश निघाला. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेलं विकायला मनाई केली, ती २०२१ च्या जुलैपासून लागू झाली. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. नियम चांगलेच आहेत. पण पन्नास मीटर म्हणजे पोरांच्या धावेनं किती सेकंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि माझी पर्स कोणत्याच मीटरमध्ये मोजली जात नाही.

आता घरातली खरी गोष्ट सांगते. सासूबाईंना बीपी आहे, डॉक्टरांनी पापड-लोणचं बंद केलंय. तरी दुपारी पापड भाजल्याचा वास घरभर असतो, असं थोरली सांगायची. मी विचारलं की धाकटा शपथेवर सांगायचा, "नाही, आजीनं नाही खाल्ला." पोराचा एवढा खरेपणा मला संशयास्पद वाटला. एक दिवस सुट्टी होती म्हणून मी घरी होते, तेव्हा सगळं उघडकीला आलं. आजी त्याला रोज पाच रुपये द्यायची, तो आजीच्या पापडाबद्दल गप्प राहायचा. सौदा!

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हे काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यानं मागतलं, म्या देलं. काऊन, लेकराले नाई म्हनू काय? तू त रोज आनतच."

यावर माझ्याकडे काय उत्तर होतं?

खरं सांगू, त्या घरात एकट्या असतात, पाचनंतर दोन पोरं अंगावर. गुडघे दुखतात. पाच रुपयांत अर्धा तास शांतता मिळते. मी सात वाजून तीस मिनिटांनी दहा रुपयांत जी विकत घेते, तीच. आम्ही दोघी एकाच दुकानच्या गिऱ्हाईक.

आणि प्रवासात? अमरावती-अकोला रस्ता तर जगप्रसिद्ध झाला. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा सलग ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात गेला. त्याच रस्त्यानं माहेरी जाताना आमची मुलं पाऊण तासही शांत बसत नाहीत. मग मागच्या सीटवर पुडे जातात. एक त्याला, एक तिला, आणि लपूनछपून अर्धा मला. हो, मीही खाते. रात्री भांडी झाल्यावर ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता. भूक नसते. दिवसभरात कोणी माझ्यासाठी म्हणून काही दिलेलं नसतं, एवढंच.

हे लक्षात आलं तेव्हा मी धाकट्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. तो केव्हा मागतो? शाळेतून आल्यावर पाच वाजता मागतो, ती खरी भूक. डबा अकराला संपलेला असतो, पोटात कावळे ओरडत असतात. तेव्हा जे समोर दिसेल ते तो खाईल. पण सातनंतर मागतो ते वेगळं. थोरली तिच्या मैत्रिणींशी फोनवर, आजी मालिकेत, बाबा अजून बाहेर, आई गाडीत. त्या वेळी त्याला कंटाळा आलेला असतो, कधी वर्गात कोणी काही बोललेलं असतं, कधी नुसतंच कोणीतरी हवं असतं. हे त्याला सांगता येत नाही. मोठ्यांना तरी कुठं येतं? "काय आणलं?" हा एकच प्रश्न त्याला येतो.

पाचच्या भुकेचं तसं सोपं निघालं. सकाळी निघताना मी दोन डबे हाताच्या उंचीवर ठेवायला लागले. एकात मुरमुरे, एकात फल्लीदाणे आणि फुटाण्याची डाळ मिसळून. कच्चा चिवडा करायला मी त्याला शिकवलं. गॅस नको, काही नको. मुरमुरे, वरून कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा आजीनं चिरून द्यायचा, सांभार असला तर उत्तम. पहिल्या दिवशी तिखट इतकं पडलं की दोघंही नळाखाली. चौथ्या दिवशी जमलं. आता तो मला सांगतो की तेल आधी टाकायचं, नाहीतर तिखट तळाशी बसतं. आपण केलेलं पोरं खातात हो. आपण "खा" म्हटलेलं नाही खात.

हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की सोलण्यात अर्धा तास जातो. आणि संत्री! वरूड-मोर्शीचा माल आपल्या दारात ढिगानं येतो, आणि माझं पोरगं बाटलीतला केशरी रंग पिऊन म्हणतं, "संत्र्याचं आहे ना हे?" तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

थोरलीचं मात्र इतकं सोपं नव्हतं. ती आठवीत. तिच्या डब्यात मी ज्वारीची धिरडी दिली तर डबा तसाच परत. दोन-तीनदा झालं, मी चिडले. "शेतकऱ्याच्या घरची तू, ज्वारीला नाक मुरडतेस?" मोठं भाषण झालं. रात्री अंधारात तिनं सांगितलं की वर्गातल्या मुली डबा उघडला की वाकून पाहतात, आणि एकीनं विचारलं, "हे काळं काय आहे?" ती त्या दिवसापासून डबा उघडतच नव्हती. उपाशी राहत होती. सुट्टीत मैत्रिणीच्या पुड्यातले चार वेफर्स खाऊन.

मी तिला आपल्या खाण्याचा अभिमान वगैरे सांगायला तोंड उघडलं होतं, आणि नशिबानं गप्प बसले. तेरा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर एकटीनं अभिमान बाळगायला सांगणं सोपं नसतं. आम्ही एवढंच ठरवलं की धिरडी घरी, डब्यात पोळीचा रोल. काही दिवसांनी तिनंच एकदा मला सांगितलं, "उद्या डब्यात धिरडी दे, जरा जास्त. त्या काळं-काळं म्हणणाऱ्या मुलीला चव पाहायची आहे." झालं ते बरं झालं. नसतं झालं तरी चाललं असतं.

पुड्यावरची बंदी आमच्याकडे दोनदा लागली आणि दोनदा उठली. बंदी लागली की पोरं दप्तरात लपवायला शिकतात, आणि मग दप्तराची झडती, मग खोटं, मग रडारड. त्यापेक्षा आबांनी एका रविवारी काय केलं, ते मला फार आवडलं. त्यांनी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रिक काटा मागितला आणि धाकट्याचा दहाचा पुडा त्यावर रिकामा केला. बावीस ग्रॅम. "आता कर हिसाब, किलोले किती?" धाकट्यानं वहीत भागाकार केला. साडेचारशेच्या वर गेला. आबा चष्मा काढून पाहत राहिले. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३. तोही हातात पडेल तेव्हा खरा. "बाप्पा!" ते म्हणाले, "म्या वावरात मरमर करतो त्याचे त्रेपन्न, आन् या हवेचे साडेचारशे!"

तेव्हापासून धाकटा दुकानात पुडा उचलून त्याच्यावरचे ग्रॅम वाचतो. घेत नाही असं नाही. घेतो. पण वाचतो. त्याच्या वर्गातल्या दोघांना त्यानं हा भागाकार शिकवलाय, आणि दुकानदार आता आमच्याकडे जरा नाराजीनं पाहतो.

जाडी-बारीकपणाची धास्ती तुम्हालाही असेल. मला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफनं सांगितलं की जगात ५ ते १९ वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या पुढं गेलं: ९.४ टक्के आणि ९.२ टक्के. वाचून मी लगेच धाकट्याचं पोट पाहायला गेले. पण माझी एक मैत्रीण मेळघाटात, धारणीकडे शिक्षिका आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "बाई, इथं पोरांच्या बरगड्या मोजता येतात, आणि तरी टपरीवर तीच लड टांगलेली असते. दूध मिळेल न मिळेल, पुडा मिळतो." एकाच जिल्ह्यातली दोन टोकं. मी त्या दिवशी धाकट्याच्या पोटाविषयी काही बोलले नाही. बोलले असते तर ते त्याच्या कायमचं लक्षात राहिलं असतं. माझ्या एका मावशीनं मला अकरा वर्षांची असताना जे म्हटलं ते मला अजून लक्षात आहे.

सातच्या प्रश्नाचं काय केलं, ते विचाराल. फार काही नाही केलं. गाडीत तो फल्लीवाला येतो ना, त्याच्याकडून कागदाच्या सुरळीत भाजलेल्या शेंगा घ्यायला लागले. कारण एकच, शेंगा सोलाव्या लागतात. पुडा फाडला की तो घेऊन पोरगं निघून जातं. शेंगा घेऊन बसावं लागतं, टरफलं कुठं टाकायची यावरून भांडावं लागतं. घरी आल्यावर मी दहा मिनिटं स्वयंपाकघरात जात नाही. आम्ही दाराजवळच फतकल मारून बसतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता तो मन मोकळं करेल. कसलं काय! तो गप्प शेंगा खात होता आणि मी घड्याळाकडे पाहत होते, कुकर डोक्यात वाजत होता. आठवड्यानं केव्हा तरी त्यानं सांगितलं की त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवलंय आणि फळ्यावरचं दिसत नाही. डोळे तपासले. चष्मा लागला.

रोज जमतं का? नाही. गाडी लेट झाली, डोकं दुखत असलं, ऑफिसात कोणाशी वाजलं की परत दहाचा पुडा येतो. मागच्या मंगळवारीच आला. त्यात आता सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा-नमकीनवरचा जीएसटीही ५ टक्क्यांवर आलाय, म्हणजे दंडाची रक्कम तशी कमीच झाली म्हणायची. मी पुडा देताना त्याला सांगून टाकते, "आज मी फार थकले रे." तो म्हणतो, "चालतं." आणि एक वेफर माझ्या तोंडात कोंबतो. तेही वाईट नसतं.

आता एक शेवटची गोष्ट सांगते. भुलाबाई आठवते ना? भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई-भुलोजी बसवायची, मग रोज संध्याकाळी मुली घरोघर, टिपऱ्या आणि गाणी, कोजागिरीपर्यंत. आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरातली बाई बंद डबा घेऊन येणार, कानाजवळ हलवणार, आणि आपण ओरडत सुटणार: शेंगदाणे! नाही. चिवडा! नाही. साखरफुटाणे! नाही. ओळखेपर्यंत मिळायचं नाही. माझी आई तर डब्यात कापूस घालून ठेवायची, आवाज येऊ नये म्हणून. पाव तास आम्ही डोकं खाजवत असू.

आमच्या कॉलनीत सासूबाईंनी गेल्या वर्षी पुन्हा भुलाबाई बसवली. थोरली "मी काय लहान आहे का" म्हणत म्हणत सगळ्यांत पुढं. पण बहुतेक घरी काय झालं, डबा हलवला की आतून पुड्याची चुरचुर. पहिल्या झटक्यात सगळ्या ओरडल्या, "वेफर्स!" ओळखलं, मिळालं, पुढचं घर. एका संध्याकाळी नऊ घरं वीस मिनिटांत आटोपली. कोणाला दोष देऊ? त्या नऊ घरांतल्या बायाही कुठून तरी तेव्हाच आल्या असतील, पर्स घेऊन.

कोजागिरीला आमची पाळी होती. ज्वारीच्या धांड्यांचा मखर आबांनी शेतातून आणून बांधला. मी गाडीतून उतरून धावतपळत आले तर धाकटा दारातच. आज त्यानं पर्सकडे पाहिलं नाही. त्याच्या हातात पितळी डबा होता, झाकण घट्ट लावलेला, वरून आजीचा जुना रुमाल बांधलेला.

"मुली यायच्या आधी तू ओळख," तो म्हणाला. "मी केलंय. आजीनं फक्त गूळ चिरला."

मी कानाजवळ डबा धरला. हलवला. आत काहीच वाजत नव्हतं.

"लाडू?"

"नाही."

"वड्या? मुगाची डाळ? खिरापत?"

"नाही, नाही, नाही. हरलीस?"

गॅसवर दूध आटवायला ठेवायचं होतं, थोरली आतून हाका मारत होती, फोन वाजत होता. मी चपलांसकट तिथंच पायरीवर बसले आणि डबा दुसऱ्या कानाला लावला.

"थांब," म्हटलं, "अजून एकदा हलव."